४.८ स्टार आहेत ना? मग जरा जपून!



नवीन बिझनेस सुरू केला की पहिला ध्यास लागतो तो रेटिंगचा. स्टार वाढले की आपण खूश, कमी झाले की रात्रीची झोप उडते. माझं स्पष्ट मत सांगतो: स्टारच्या सरासरीवर धंद्याचे निर्णय घेऊ नका.

हे मी एकटा म्हणत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात फिलिप स्टार्क नावाचे स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक आहेत. तिथे सेमिस्टर संपताना विद्यार्थी शिक्षकांना मार्क देतात. स्टार्क यांनी २०१४ मध्ये एका सहकाऱ्यासोबत लेख लिहून सांगितलं की, या मार्कांची सरासरी काढून 'कोण चांगलं शिकवतं' हे ठरवणं चूक आहे. आकड्यांचा माणूसच आकड्यावर शंका घेतोय, म्हणजे ऐकायला हवं!

त्यांचे मुद्दे आपल्या धंद्याला लावून बघू.

पहिला, सरासरी खरं चित्र लपवते. समजा तुमची डब्याची मेस आहे. दहापैकी पाच जणांनी ५ स्टार दिले, पाच जणांनी १. सरासरी ३. शेजारच्या मेसला दहाही जणांनी ३ दिले. तिचीही सरासरी ३. पण तुमचा डबा निम्म्यांना तिखट लागत असेल, तिचा कोणाच्या लक्षातच राहत नाही. दोघांचा आजार वेगळा, मग औषध एक कसं चालेल?

दुसरा, जे बोललेच नाहीत त्यांचं काय? २०० गिऱ्हाइकांपैकी १२ जणांनी रिव्ह्यू लिहिला, तर उरलेल्या १८८ जणांचं मत तुम्हाला माहीतच नाही. त्यातले काही गुपचूप दुसरीकडे गेले असतील.

तिसरा, मार्क देणाऱ्याच्या मनातले ग्रह त्यात मिसळतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षक पुरुष आहे की स्त्री, हे काही विद्यार्थ्यांना मुद्दाम उलटं सांगितलं होतं. तपासलेले पेपर सगळ्यांना एकाच वेळी परत मिळायचे. तरी 'वेळेवर काम' याला पुरुष समजलेल्या शिक्षकाला ५ पैकी ४.३५ आणि स्त्री समजलेल्या शिक्षकाला ३.५५! विद्यार्थी थोडेच होते, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. ताईंनो, एखादा कमी स्टार आला म्हणून लगेच स्वतःला दोष देऊ नका.

२०१८ मध्ये कॅनडात टोरोंटोच्या एका विद्यापीठाच्या वादात लवादाने निर्णय दिला की, प्राध्यापकांच्या बढतीसाठी शिकवण्याचा दर्जा या मार्कांवरून मोजू नये. स्टार्क यांचा अहवाल त्या प्रकरणात पुरावा म्हणून होता.

मग फीडबॅक घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण गिऱ्हाईक ज्याचं उत्तर देऊ शकतं तेच विचारायचं. स्टार्क म्हणतात, शिक्षकाचा आवाज ऐकू येतो का, फळ्यावरचं वाचता येतं का, हे विद्यार्थी नक्की सांगू शकतो. तसंच, 'आमची सर्व्हिस कशी वाटली?' असं मोघम विचारू नका. 'डबा गरम पोचला का? किती वाजता आला? पोळ्या पुरल्या का?' असं विचारा. आणि सगळ्यात खरा फीडबॅक म्हणजे पुढच्या महिन्याचे पैसे भरले की नाही.

गुगलवरचे स्टार नवीन गिऱ्हाईक दारापर्यंत आणतात, हे मान्य. पण ती दुकानाची पाटी झाली, हिशेबाची वही नव्हे.

आणि हाच नियम आम्हा ट्रेनर लोकांनाही लावा. कोर्सची फी भरण्याआधी स्टार मोजू नका. हसवणाऱ्याला टाळ्या जास्त मिळतात, घाम गाळायला लावणाऱ्याला कमी. आधी कोर्स केलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि एकच विचारा: 'तुझ्या मालाचं कॉस्टिंग आता तुझं तुला काढता येतं का?' उत्तर 'नाही' आलं, तर माझा कोर्ससुद्धा घेऊ नका.

या आठवड्याचं होमवर्क: परत न आलेल्या पाच गिऱ्हाइकांना फोन करा. विकायला नाही, फक्त ऐकायला.