व्हेपचा फ्लेवर बदलला तरी जुनी चव का राहते? ब्रिटनची बंदी अडकली आहे एका छोट्या कॉइलमध्ये

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल म्हणजे वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आहे. दुकान असो की ऑनलाइन, आत निकोटिन असो की नसो, नियम सगळ्यांना सारखाच. कारण काय, तर कचरा. मटेरियल फोकस या संस्थेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार तिथे दर आठवड्याला सुमारे ५० लाख डिस्पोजेबल व्हेप फेकले जात होते. प्रत्येकात एक लिथियम बॅटरी, तुमच्या फोनमध्ये असते त्याच जातीची. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आग लागू शकते.

मग आता काय विकता येतं?

अटी तीन आहेत. बॅटरी चार्ज करता आली पाहिजे, लिक्विड पुन्हा भरता आलं पाहिजे आणि कॉइल असेल तर ती बदलता आली पाहिजे. पहिल्या दोन अटी पटकन समजतात. खरी गोम आहे तिसरीत.

ॲटोमायझरच्या आत काय चालतं?

ॲटोमायझर म्हणजे व्हेपचा तो भाग जिथे लिक्विडची वाफ होते. त्यात धातूची बारीक तार किंवा जाळी असते, हीच कॉइल. तिला चिकटून कापूस असतो. दिव्याची वात जशी तेल ओढते तसा हा कापूस लिक्विड ओढतो, कॉइल तापते आणि वाफ तयार होते. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं.

आता आंब्याचा फ्लेवर संपवून त्याच टाकीत पुदिना भरला, तर कापसात मुरलेला आंबा लगेच जात नाही. मेंथॉल, दालचिनी, कॉफी असे उग्र फ्लेवर तर जास्तच रेंगाळतात. त्यात लिक्विड गोड करायला सुक्रालोज घातलेलं असेल तर ते तापून कॉइलवर काळा थर धरतं. पाक करपल्यावर कढईला बसतो ना, अगदी तसाच. मग चव जळकी लागते.

साफ कसं करतात?

१. व्हेप बंद करून बॅटरीचा भाग वेगळा काढायचा. त्याला पाणी लागू द्यायचं नाही.
२. टाकी रिकामी करायची. निकोटिन त्वचेतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे हवेत. लिक्विड लहान मुलांच्या हाती लागता कामा नये, पोटात गेलं तर विषबाधा होते.
३. टाकी आणि तोंडाकडचा भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा.
४. कापूस असलेली तयार कॉइल धुऊन फारसा उपयोग होत नाही. फ्लेवर बदलायचा तर कॉइलच बदलायची.
५. नवीन कॉइलच्या कापसावर लिक्विडचे थेंब टाकून पाच-दहा मिनिटं थांबायचं. कापूस कोरडा राहिला तर तो जळतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. साफ केलेला व्हेप म्हणजे सुरक्षित व्हेप नाही. थर निघतो, पण निकोटिनचं व्यसन तसंच राहतं.

बंदीचं यश कशावर?

डिस्पोजेबलच्या काळात फ्लेवर बदलणं म्हणजे जुना व्हेप फेकून नवा घेणं. आता त्याच माणसाकडून अपेक्षा आहे की त्याने टाकी धुवावी, कॉइल आणावी, बसवावी आणि थांबावं. दुसरीकडे बाजारात नियमात बसणारे, पण दिसायला जुन्या डिस्पोजेबलसारखेच आणि किमतीतही फारसे वेगळे नसलेले व्हेप आले आहेत. सुटी कॉइल किंवा पॉड शोधण्यापेक्षा नवा व्हेपच सोपा वाटला, तर कागदावर 'रीयूजेबल' असलेली वस्तूसुद्धा कचऱ्यातच जाणार. कायदा वस्तू दुरुस्त होण्यासारखी बनवायला लावू शकतो, ती दुरुस्त करायची सवय लावू शकत नाही. सुटे भाग स्वस्त आणि सहज मिळाले तरच हे गणित बदलेल. आपल्या फोनच्या बॅटरीचं तरी दुसरं काय होतं?

भारतात काय?

आपल्याकडे हा प्रश्नच वेगळा आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साठवणुकीसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे इन्स्टाग्रामवर कुणी 'घरपोच व्हेप' देत असेल, तर तो धंदा बेकायदा आहे. आणि शिकायला ब्रिटनमध्ये असाल, तर तिथे दुकानात उघड मिळणारी ही वस्तू सुट्टीत घरी येताना बॅगेत टाकू नका.