झोपेत दात खाणाऱ्यांनो, गार्ड मापाचाच घ्या

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो ऐकू येतो शेजारच्याला. उन्हाळ्यात आम्ही वलगावला गच्चीवर झोपतो. अशाच एका सकाळी बायको म्हणाली, "अवो, रातभर कराकरा दात खाता तुमी, मले झोप नाई लागत." मी ते मनावर घेतलं नाही. दोन वर्षांनी फुटाणे खाताना खालच्या दाढेचा कोपराच तुटून जिभेवर आला. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं घासून सपाट झाली होती, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटले होते. दातावरचं इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण मोडलेलं हाड जुळून येतं, झिजलेलं इनॅमल परत येत नाही.

म्हणून पहिलं सांगणं घरच्यांना आहे. आवाज येत असेल तर त्या माणसाला सकाळी स्पष्ट सांगा. आणि ज्याला सांगितलं त्याने स्वतःकडे नीट पाहावं. उठल्यावर जबडा आखडलेला असतो का? कानशिलं ठणकतात का? थंड पाण्याने दात झिणझिणतात का? यातलं काही असेल तर दाढ तुटायची वाट पाहू नका.

मी घाई केली आणि झोपताना दातांवर बसवायचा तयार गार्ड मोबाइलवरून मागवला. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की चावून आकार द्यायचा, असा तो प्रकार. असे गार्ड मुळात खेळाडूंसाठी निघाले, मार लागला तर दात वाचावेत म्हणून. रात्रभर घासणाऱ्या दातांखाली त्यांचा निभाव लागत नाही. तोंडात तो एवढा जाड वाटायचा की मळमळायचं. दोन महिन्यांत दाढांच्या जागी आरपार भोक पडलं, आणि जबडा आधीपेक्षा जास्त दुखू लागला. मऊ वस्तू दातांत आली की काही जणांचे स्नायू उलट जास्त जोर लावतात, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्यांदा माप देऊन करून घेतला. डॉक्टर दोन्ही जबड्यांचं माप घेतात, लॅबमध्ये त्यावरून साचा होतो आणि त्यावर कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड बसवतात. तो बहुधा वरच्या दातांवर येतो, साधारण 2 ते 3 मिलिमीटर जाड. कडक सोसत नसेल तर आतून मऊ, बाहेरून कडक असाही मिळतो. जोर फार नसेल तर तो चालतो. मात्र गार्डने त्या जबड्याचे सगळे दात झाकले पाहिजेत. फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा गार्ड कायम वापरला, तर मोकळे राहिलेले दात हळूहळू सरकतात आणि चावाच बदलतो.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं पुढचं आहे. गार्ड हातात आला की काम संपलं असं समजू नका. डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावतात. जिथे निळा ठिपका गडद उमटतो तिथे गार्ड थोडा घासतात, पुन्हा चावायला लावतात. दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे येईपर्यंत हे चालतं. काही दिवसांनी परत बोलावतात, तेव्हा जाच. इथून अमरावती दहा-बारा किलोमीटर आहे, एक खेप चुकवण्याइतकं ते लांब नाही. पैसे ठरवतानाच विचारून घ्या, की पुढच्या खेपांचे पैसे यातच आले का. खासगी दवाखाना परवडत नसेल तर अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, नागपुरात सरकारी आहे. तिथे वेळ जातो, खर्च कमी येतो. कॅप किंवा दाढ भरायचं काम बाकी असेल तर ते आधी उरका, नाहीतर दाताचा आकार बदलला की नवा गार्ड बसणार नाही.

आपल्या भागात खर्रा फार खातात, म्हणून हेही लिहितो. तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील तर गार्डचा विचार बाजूला ठेवा आणि आधी तोंड तपासून घ्या. खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तसंच कोणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल, तर आधी झोपेची तपासणी करावी. अशा माणसाचा श्वास नुसत्या वरच्या गार्डने आणखी अडू शकतो. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

लेकरांचं वेगळं आहे. लेकरू दात खातं म्हणजे पोटात जंत, हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. जंताची गोळी शाळेत, अंगणवाडीत मिळते, ती जरूर द्या. पण त्याच कारणावर अडून राहू नका. लहानपणी बरीच मुलं दात खातात, आणि पक्के दात येता येता बहुतेकांचं थांबतं. वाढत्या जबड्याला गार्ड सहसा देत नाहीत. दाखवून मात्र आणा, अंगारे-धुपारे करत बसू नका. 20 डिसेंबर 1956 ला याच वलगावला पेढी नदीजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. रोग्याला औषधोपचार हे त्यांच्या दहा सूत्रांतलं एक, आणि अंगारे-धुपाऱ्यांवरून त्यांनी आयुष्यभर लोकांना हटकलं. त्यांच्या या गावात तरी लेकराला आधी डॉक्टरकडे न्यावं.

गार्डने दात खाणं थांबत नाही, दात वाचतात. घासायचं ते गार्डवर घासलं जातं. दिवसाची सवय आपल्या हातात आहे. गाडी चालवताना, हिशेब करताना दात आवळले गेले की लगेच सोडा. ओठ मिटलेले, दात सुटलेले, असं राहू द्या. संध्याकाळनंतरचा चहा कमी करा.

सकाळी गार्ड काढला की साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्ट लावू नका, तिने ओरखडे पडतात. गरम पाणी तर नकोच. वैशाखात खिडकीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवाल तर वाकडा होईल. भोकं असलेल्या डबीत, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा. पुढच्या तपासणीला जाताना ती डबी पिशवीत टाका. तडा गेला आहे का, कुठे जास्त झिजला आहे, हे डॉक्टरांना पाहू द्या.