नावडतीचे मीठ अळणी



बियाणे कंपनीचा विषय निघाला की बैठकीत दोन तट पडतात. एकाला कंपनी म्हणजे राक्षस, दुसऱ्याला तारणहार. बोंड फोडून पाहण्याआधीच दोघांचा निकाल तयार!

'दरसाल नवे बी घ्यायला लावणे हा मोन्सॅन्टोचा कावा,' असे म्हणतात. ती कंपनी २०१८ मध्ये बायरने विकत घेतली, आरोप मात्र तसाच आहे. मग सीएसएच-१ ज्वारी आठवा. १९६४ चा हा संकरित वाण सरकारी संशोधनातला. एच-४ कपाशी १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी काढली. संकरिताचे घरचे बी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून तेही दरसाल विकतच घ्यावे लागते. सरकारने दिले तर विज्ञान, कंपनीने दिले तर कावा!

१९९८ मध्ये कर्नाटकात बीटी कपाशीचे चाचणी प्लॉट जाळले गेले. त्यात पुढचे बी वांझ करणारे 'टर्मिनेटर' आहे, अशी हाकाटी होती. त्या कपाशीत ते नव्हते. टर्मिनेटरचे पेटंट त्याच वर्षी डेल्टा अँड पाइन लँड ही दुसरी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना मिळाले होते. ते बी बाजारात कधीच आले नाही.

आता दुसरा तट. मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, हिरव्या बोंडअळीला आळा बसला, हे खरे. पण गुजरातेत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही, हे २०१० मध्ये खुद्द कंपनीनेच सांगितले. पुढे दोन जनुकांच्या बीटीलाही ती जुमानेना. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने कपाशीची दैना केली. तरीही अळी दाखवणारा विज्ञानाचा वैरी ठरतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. कंपनी धंदा करायला आली आहे, नफा हाच तिचा हेतू. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि भुलण्यासारखेही नाही. हेतू तराजूत घालता येत नाही, कापूस घालता येतो. आंधळ्या रागाने चांगले बी हातचे जाते, आंधळ्या भक्तीने फवारणीची वेळ टळते. दोन्हीकडे हिशेब बिघडतो तो आपलाच.

तेव्हा पाकिटाची पावती जपून ठेवा. बोंडे लागली की एकरी २० हिरवी बोंडे फोडा. दोनात अळी दिसली तर उपाय करायची वेळ झाली. तो आकडा लिहून पुढच्या बैठकीला आणा. कंपनी कशी आहे, ते मग त्या आकड्यांवरून ठरवू.