मॅच संपते, ग्रुपवरचं भांडण संपत नाही : चाहत्यांच्या ग्रुपला नियम हवेत, पण कोणते?

बेळगाव : २७ मार्च २०२४ ची रात्र. हैदराबादच्या मैदानावर सनरायझर्सने मुंबई इंडियन्सविरुद्ध ३ बाद २७७ धावांचा डोंगर रचला होता. कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातल्या हणमंतवाडीत काही जण एकत्र बसून ती मॅच बघत होते. रोहित शर्मा बाद झाला. चेन्नईचे चाहते असलेल्या, साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी त्यावर आनंद दाखवला, आता मुंबई कशी जिंकणार, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. मुंबईच्या दोघा चाहत्यांना ते झोंबलं. पोलिसांत नोंद झालेल्या गुन्ह्यानुसार त्या दोघांनी मारहाण केली. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या गृहस्थांचा काही दिवसांनी उपचार सुरू असताना मृत्यू झाला. दोघांना अटक झाली. सगळे एकाच गावचे, एकमेकांच्या ओळखीचे.

त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये तामिळनाडूच्या अरियालूर जिल्ह्यात विराट मोठा की रोहित, यावरून दोन मित्रांत वाद झाला आणि एकाचा खून झाला.

हे दोन्ही वाद मोबाईलवर नव्हे, समोरासमोर झाले होते. पण ज्या चढाओढीतून ते पेटले, ती आता दिवसभर मोबाईलवर चालते. पूर्वी मॅच संपली, टीव्ही बंद झाला की वाद पारावरच राहायचा. आता शेवटचा चेंडू पडल्यावर ग्रुपवर खरा सामना सुरू होतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत स्टिकर, मीम, शिव्या, जुन्या मॅचचे व्हिडिओ यांचा मारा चालू असतो. म्हणूनच तरुण मंडळांच्या, क्रिकेट संघांच्या, फॅन क्लबांच्या ग्रुपना लेखी आचारसंहिता असावी का, हा प्रश्न आता चेष्टेवारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

सीमाभागात धोका दुप्पट का?

कोल्हापुरात विश्वचषक आला की अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे गल्लोगल्ली लागतात. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने रंगतात आणि समर्थकांची हुल्लडबाजी ही तिथली जुनी डोकेदुखी आहे. गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवाच्या मागे गाव लोटतं. बेळगाव, खानापूर, निपाणीत मात्र मामला जरा वेगळा असतो. इथे एकाच घरात थोरला मुंबईचा आणि धाकटा बेंगळुरूचा. धाकटा ‘ई साला कप नम्दे’ कन्नडमध्ये ओरडतो आणि आईला मराठीत चहा मागतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अडचण येते ती मॅच हातातून निसटल्यावर. ‘तुमची टीम फालतू’ पासून ‘तुम्ही लोक असलेच’ इथपर्यंत यायला चार मेसेज पुरतात. मुंबई विरुद्ध बेंगळुरू असा सामना असला की ‘तुम्ही लोक’ म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात एका बसमध्ये भाषेवरून झालेल्या वादाचे पडसाद दोन्ही राज्यांत उमटले आणि एसटी सेवा विस्कळीत झाली. ज्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता, ते विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरी अडकून पडले. ठिणगी केवढी होती आणि झळ कुठवर गेली, हे इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

टिंगल कुठे संपते?

नियम म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला : मग मजाच काय राहिली? आक्षेप खोटा नाही. डिवचणं, टोमणे, हरलेल्याला चहा पाजायला लावणं हा चाहतेपणाचा जीव आहे. जो नियम टिंगलच बंद करतो, तो आठवडाभरही टिकत नाही. पोरं दुसरा ग्रुप काढतात आणि तिथे जास्त जोरात सुरू होतात.

पण गेल्या काही वर्षांतली उदाहरणं बघितली की रेषा कुठे ओढायची ते बऱ्यापैकी स्पष्ट होतं. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. शमीची गोलंदाजी महाग पडली, हे बोलणं ही टीका. त्याच्या धर्मावर घसरणं ही टीका नव्हे. विराट कोहली शमीच्या पाठीशी उभा राहिला, तर त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल अत्यंत घाणेरडी धमकी दिली गेली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकात अर्शदीप सिंगकडून आसिफ अलीचा झेल सुटला, तर त्याच्या विकिपीडियाच्या पानावर खलिस्तानशी जोडणारा खोटा मजकूर घुसडला गेला. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ट्रॅव्हिस हेडने शतक ठोकलं आणि शिव्या पडल्या त्याच्या बायको-मुलीला.

या सगळ्यांत एक धागा समान आहे. बोलणं मैदानावरून उठलं आणि माणसाच्या धर्मावर, घरावर, बायका-मुलांवर गेलं. तीस यार्डांच्या सर्कलमध्ये जे घडलं त्यावर कितीही बोला, सर्कलबाहेरचं नको, एवढी साधी कसोटी दहावीतल्या पोरालाही कळते.

कायदा काय म्हणतो?

ग्रुप ॲडमिन होणं म्हणजे गळ्यात फास, अशी भीती अनेकांना असते. सदस्याने काही लिहिलं तर ॲडमिन आत जाणार का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलं. ॲडमिनच्या हातात सदस्य घेण्या-काढण्यापलीकडे फारसं काही नसतं. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये अशीच भूमिका घेतली. गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत येतो. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण इथल्या न्यायालयांवर मात्र हा निकाल बंधनकारक नाही, वकील तो दाखला म्हणून मांडू शकतात.

पण लिहिणाऱ्याची सुटका नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं, म्हणून ‘ऑनलाइन काहीही बोललं तरी चालतंय’ असा गैरसमज करून घेणारे बरेच आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकी, बदनामी, महिलेचा विनयभंग करणारे शब्द, दोन गटांत तेढ लावणारा मजकूर या सगळ्यांसाठी कलमं आहेत. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे निपाणीत बसून टाकलेल्या मेसेजसाठी इंदूरच्या ठाण्यात कागद होऊ शकतो. तीन राज्यांतले सदस्य असलेल्या ग्रुपने हे पाठ करून ठेवायला हवं.

याची किंमत सर्वात जास्त कोण मोजतं? पहाटे पाचला उठून धावणारी, भरतीची तयारी करणारी पोरं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. सीमाभागातल्या कितीतरी घरांची सैन्य आणि पोलीस भरतीवर आशा असते. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते. मॅचच्या रागात टाकलेला एक मेसेज आणि त्यातून नोंदलेला गुन्हा तिथे आडवा येऊ शकतो. ग्रुपमधला मोठा माणूस म्हणून त्या पोराला वेळीच अडवणं, ही त्याची गळचेपी नव्हे.

नियम थोडे असावेत, पण आधी सांगितलेले असावेत

मोठ्या संस्थांनी आपापले उपाय सुरू केले आहेत. फिफाने २०२२ पासून खेळाडूंच्या खात्यांवरची शिवीगाळ टिपणारी यंत्रणा उभी केली. आयसीसीने २०२४ च्या महिला टी-ट्वेंटी विश्वचषकात तसंच साधन वापरलं. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांनी २०२१ मध्ये चार दिवस समाज माध्यमांवर बहिष्कार टाकला. तरी त्याच जुलैत युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर वर्णद्वेषी मजकुराचा भडिमार झालाच. वरून लावलेली चाळणी खेळाडूला थोडी वाचवते. गल्लीतल्या ग्रुपवर काय चाललंय, तिथे मात्र ती पोचत नाही. तिथे गल्लीनेच बघायला हवं.

शंभर-दोनशे जणांच्या ग्रुपला पुरतील असे नियम साधारण असे :

एक, खेळावर आणि निर्णयांवर हवं ते बोला. खेळाडूच्या किंवा सदस्याच्या जात, धर्म, घरच्या माणसांवर नको.

दोन, ज्याला जी भाषा जमते तीत त्याने लिहावं. भाषेवरून किंवा राज्यावरून टोमणा चालणार नाही.

तीन, खेळाडूच्या नावाने फिरणारं विधान किंवा कापलेला व्हिडिओ मूळ कुठला हे सांगता येत नसेल तर टाकू नका.

चार, सट्टा, पैशाचे गेम, टिप्स यांच्या लिंक टाकायच्या नाहीत. २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे आणि जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

पाच, ग्रुपमधून कुणाचा नंबर उचलून खाजगीत त्रास द्यायचा नाही. महिला सदस्याच्या बाबतीत हे घडलं तर इशारा नाही, थेट बाहेर.

यातला दुसरा नियम सीमाभागात सर्वात अवघड आहे. सीमाप्रश्न हा इथल्या मराठी माणसासाठी काही टवाळीचा विषय नाही, तो कित्येक पिढ्यांचा लढा आहे. म्हणून ‘सीमाप्रश्नावर बोलायचंच नाही’ असा नियम केला तर तो अपमान वाटेल आणि वाटायलाही हवा. त्यापेक्षा त्या चर्चेला वेगळा ग्रुप, वेगळी वेळ ठेवावी. लढ्याचं गांभीर्य राखायचं असेल तर तो हरलेल्या मॅचचा राग काढायला वापरू नये, हे त्यातल्या जाणत्या मंडळींनीच सांगितलं तर लोक ऐकतील.

पंच कोण?

नियम लिहिणं सोपं, राबवणं कठीण. कारण ॲडमिन स्वतः कुठल्यातरी टीमचा असतो. मुंबईवाला ॲडमिन चेन्नईवाल्याला काढतो आणि स्वतःच्या दोस्ताला सोडतो, तेव्हा नियमावरचा विश्वासच उडतो. क्रिकेटलाही हे कोडं सुटायला बराच काळ लागला. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीसाठी भारताचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामास्वामी यांना पंच म्हणून बोलावलं गेलं. पुढे कसोटीत दोन्ही पंच तटस्थ असण्याची पद्धत २००२ मध्ये आली. यजमान देशाचे पंच अप्रामाणिक होते असं नव्हे. हरलेल्याला निकाल पटावा लागतो, एवढंच त्यामागचं कारण.

ग्रुपलाही तेच लागू. किमान तीन ॲडमिन, वेगवेगळ्या टीमचे. ज्याच्या टीमची मॅच, त्याने त्या रात्री कुणाला काढायचं नाही, उरलेल्या दोघांनी ठरवायचं. पहिल्या वेळी खाजगीत समज, चारचौघांत नाही. दुसऱ्यांदा पुढच्या दोन मॅचपुरतं बाहेर आणि परत घेण्याची तारीख आधीच सांगायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकट्या सदस्याला गप्प करायची सोय नाही, पण ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो आणि तापलं की ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असं बटण दाबता येतं. सामना संपल्यावर अर्धा तास ते दाबून ठेवलं तरी निम्मी भांडणं जागीच विझतील. आणि ॲडमिननेच नियम मोडला तर? त्यालाही तीच शिक्षा. हे एकदा करून दाखवलं की पुन्हा समजावत बसावं लागत नाही.

एक फट मात्र राहतेच. काढलेला माणूस दुसऱ्या ग्रुपवर जातो आणि तिथे कुणी अडवत नाही. त्यामुळे काढून टाकण्यापेक्षा परत घेण्याचा रस्ता महत्त्वाचा. गावात तालमीतलं भांडण वस्ताद दोघांना समोर बसवून मिटवतात. ग्रुपवर ज्यांचं पेटलं, त्या दोघांना दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बोलावून चहा पाजणं हा मार्ग कुठल्याही ॲपमध्ये नाही, पण सीमाभागात तो अजून चालतो. हणमंतवाडीतही सगळे एकमेकांना ओळखत होते. ओळख असली म्हणजे भागतं असं नाही, वेळीच मध्ये पडणारा कुणीतरी असावा लागतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी मंडळाच्या बैठकीत तो कोण, हे ठरवून घेतलेलं बरं.