सोयरिकीतला मनू

दोस्तहो, कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात : वंश, लिंग, विवाह, कुटुंब. चार धडे, चार बंद खोल्या. मी कॉलेज पाहिलं नाही. गिरणीच्या पाळीनंतर बाबासाहेबांचा एक निबंध वाचला, 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात मांडलेला. त्यानं या चारही खोल्यांच्या भिंती पाडल्या.

जात रक्तातून येत नाही. पंजाबातला ब्राह्मण अन् पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, हे त्यांनी 1936 ला ठणकावलं. जातीतच लग्न, हाच जातीचा प्राण. तो टिकवायचा तर बाई कोंडावी लागते. नवरा मेला तर जाळा, नाही तर जन्माची विधवा ठेवा. बायको मेलेल्याला कोवळी पोर द्या. म्हणजे जातीचं दार बाईच्या देहावर. पहारेकरी कोण? बाप, भाऊ, नवरा. आपणच!

14 ऑक्टोबर 1956 ला याच नागपुरात आपण देव सोडले. मग सोयरीक जुळवताना अजून काहून विचारता, "बावणे का लाडवण?" मंचावर जातिअंत, घरात हुंडा. बाहेर मनू जाळता अन् माजघरात त्यालाच जेवू घालता.

20 जुलै 1942 ला इथंच दलित महिला परिषद भरली. बायको नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची. गुलाम नव्हे, हे बाबासाहेबांनी हजारो बायांना सांगितलं. त्या बायांची आपण नातवंडं. अन् बहिणीनं स्वतः जोडीदार निवडला, की आपल्या डोळ्यांत रक्त!

पत्रिकेवर बुद्ध छापून भागत नाही. पोटजात विचारणारं तोंड आधी बंद करा, मग घोषणेला उघडा.

जयभीम.