बोटांच्या ठशांत मुलाचा मेंदू दिसत नाही!

मुलाच्या दहा बोटांचे ठसे स्कॅन करायचे आणि तो इंजिनिअर होईल की गायक, हे सांगणारा जाडजूड रिपोर्ट पालकांच्या हाती द्यायचा. याला ‘डीएमआयटी’ म्हणतात. पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातले पालक ओव्हरटाइमचे पैसे त्यात घालतात. स्पष्टच सांगतो, हे विज्ञान नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही २०१९ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे.

विकणारे सांगतात, ठसे आणि मेंदू दोन्ही गर्भात, जनुकांनुसार घडतात; म्हणून ठशांवरून मेंदू कळतो. मग एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखी असूनही त्यांचे ठसे वेगळे का असतात?

मेंदूचे तर आणखी निराळे. गाडीचे वायरिंग हार्नेस ड्रॉइंगप्रमाणे बनते. कुठली वायर कुठल्या कनेक्टरला, हे आधीच ठरलेले असते. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांच्यातले जोड लाखो कोटी. प्रथिने बनवणारी जनुके मात्र जेमतेम २० हजार! प्रत्येक जोडाचे ड्रॉइंग त्यात मावणारच नाही. कोणत्या पेशीचा तंतू कुठल्या दिशेने वाढणार, ही वाट जनुके आखतात; जोड बांधणारी प्रथिनेही तीच पुरवतात. त्यातले कोणते जोड टिकणार आणि कोणते गळणार, हे मात्र मूल काय पाहते, ऐकते, बोलते यावरही ठरते. म्हणूनच जन्मजात मोतीबिंदू वेळेत काढला नाही, तर पुढे डोळा स्वच्छ होऊनही नजर अधू राहते.

जनुकातल्या बिघाडाने जोड बिघडतात, हेही खरे. ‘फ्रॅजाइल एक्स’ हा बौद्धिक अक्षमतेचा आजार एकाच जनुकातल्या दोषामुळे होतो. पण त्याचे निदान रक्ताच्या जनुकीय तपासणीत होते, बोटाच्या ठशात नाही.

पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. खरा धोका वेगळाच आहे. दोन वर्षांचे मूल बोलत नाही आणि रिपोर्ट म्हणतो, ‘हा बघून शिकणारा आहे’. पालक निर्धास्त होतात, कानांची तपासणी राहून जाते. मेंदूचे जोड भराभर घडण्याची ती वर्षे परत येत नाहीत.

पालकहो, शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ऐकणे, नजर, हिमोग्लोबिन आणि विकासाचे टप्पे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची आरोग्य तपासणी मोफत होते. आणि शिफ्टवरून आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून मुलाशी गप्पा मारा. मेंदूचे जोड त्यानेच पक्के होतात.