मावळत कोणाची? : स्थाननामांतील दिशांविषयी काही विचार



वर्धा नदीच्या पूर्वतीरावर पुलगाव आहे; नदी ओलांडून पश्चिमेस गेले की अमरावती जिल्ह्यातील धामणगाव लागते. पुलगावकरांच्या बोलण्यात नदी मावळतीकडे, तर धामणगावकरांच्या बोलण्यात तीच नदी उगवतीकडे असते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. दिशा ही स्थळाच्या अंगी नसते. ती पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरते. स्थाननामांचा अभ्यास करताना नेमकी हीच गोष्ट आपल्या ध्यानातून सुटते.

अरबी भाषेतील एक उदाहरण पाहू. त्या भाषेत 'ग-र-ब' या व्यंजनमूलापासून 'गर्ब' म्हणजे पश्चिम आणि 'मगरिब' म्हणजे मावळण्याचे स्थान वा वेळ, हे शब्द सिद्ध होतात. सूर्यास्तानंतरची नमाज ती मगरिबची. मोरोक्को देशाचे अरबी नावही 'अल-मगरिब'च. इबेरियन द्वीपकल्पावर मुस्लिम सत्ता असताना अंदालुसच्या पश्चिम भागास 'अल-गर्ब' म्हणत. तेराव्या शतकात पोर्तुगालच्या राजांनी तो प्रदेश जिंकला. सत्ता पालटली, पण नाव 'अल्गार्व' या रूपात टिकले. गंमत अशी, की आज तो पोर्तुगालचा अगदी दक्षिणेकडील प्रदेश आहे. नाव ठेवणाऱ्यांची पश्चिम नावात गोठून राहिली, नकाशा मात्र बदलला.

हा शब्द आपल्या किनाऱ्यावरही आला. 'पोर्तुगाल व अल्गार्व यांचा राजा' हा पोर्तुगीज राजांचा किताब होता. 1881 साली गोव्यासाठी पाडलेल्या रुपयावर लुईस पहिला याच्या नावापुढे तोच किताब संक्षिप्त लॅटिन रूपात आढळतो. गोमंतकीय माणूस बाजारात ते नाणे देत-घेत असताना एक अरबी दिशावाचक शब्द नकळत हाताळत होता.

आता मराठीकडे वळू. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीलगतच्या खोऱ्यांना आपण 'मावळ' म्हणतो. या नावाचा संबंध 'मावळणे' या क्रियापदाशी जोडला जातो. देशावरून पाहणाऱ्याला सूर्य तिकडे मावळतो. कोकणातून पाहणाऱ्याला त्याच डोंगरांतून तो उगवतो. म्हणजे 'मावळ' हे देशावरच्या माणसाने दिलेले नाव ठरते. 'मगरिब' आणि 'मावळ' यांचा भाषिक संबंध काहीही नाही. परंतु नाव घडवणारी दृष्टी एकच आहे.

तथापि, साम्य दिसले की व्युत्पत्ती सिद्ध झाली, असे मानू नये. स्पेनमधील ट्राफाल्गार या भूशिराच्या नावात काही अभ्यासक 'गर्ब' पाहतात, तर काही गुहा या अर्थाचा 'गार'. पुराव्यावाचून निवाडा देणे हा आपल्या अभ्यासातील मोठाच दोष होय.

याच मुळापासून आलेला 'गरीब' हा शब्द मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अरबीत त्याचा अर्थ परका, दूरदेशीचा, विलक्षण असा आहे. परक्या मुलुखातील माणूस निराधार असतो. त्यातून 'निर्धन' हा अर्थ पुढे आला. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येथे त्याला 'गरीब गाय' या प्रयोगातील सौम्यपणाही लाभला. व्याकरणाच्या पुस्तकात आपण त्याला 'परभाषीय' या रकान्यात बसवतो. शब्दाचे मूळ सांगण्यासाठी तो रकाना योग्यच आहे. पण त्यावरून शब्दाचे आपलेपण ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शब्दाचा अर्थच 'परका' होता, तो शेतकऱ्याच्या, मजुराच्या तोंडी रुळून आपल्या दुःखाचा शब्द झाला. त्याला आता परका कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकता. आपल्या गावाचे, शिवाराचे, पांदणीचे नाव घ्या आणि दोन प्रश्न विचारा : हे नाव कोणी दिले असेल, आणि देताना तो कोठे उभा होता? भाषाभ्यासाचा आरंभ तेथूनच होतो.